छत्रीच्या कापडाची अक्षरे

“म्या कोणाचं नाव घेतलं काय?” असे म्हणून ती दातांनी दोरा तोडायची. दोरा तुटला की बोलणे संपले असे समजायचे. पुढे कितीही विचारा, मान खाली आणि सुई चालू.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. भांडत नाही, रडत नाही, कोणाला शिव्याशाप देत नाही. आणि तरी तिच्या दारावरून जाताना काही माणसे चपला हळू टाकतात. आमच्या वाशीमच्या गल्लीतली ही तशी होती. तिचे नाव मी देत नाही. ज्याच्याशी तिचे वैर होते त्याचे तर देणारच नाही. का देणार नाही, ते पुढे कळेल.

मी एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याची मला सवय आहे. एकाच बाजूचे ऐकून मी काही जमेस धरत नाही. म्हणून आधी ऐकलेले सांगतो, आणि ते ऐकलेले आहे हे तुम्हीही लक्षात असू द्या.

तिचे सासर कामरगावचे. नवरा शाळामास्तर. तिला बापाने लहानपणी घरीच धूळपाटीवर अक्षरे शिकवली होती. पण सासूला वाचणारी सून खपत नसे, म्हणून सासरी तिने कधी कागद हातात धरला नाही. नवऱ्याला मात्र ठाऊक होते. पुढे त्याच्या मनात दुसरे लग्न भरले. मुलगी शिकलेली, तिचे वडील शाळाखात्यात वजनदार. पहिलीला टाकायला काहीतरी कारण पाहिजे, आणि ते असे पाहिजे की त्यात आपल्याकडे बोट येऊ नये. त्याने पंच बसवले आणि सांगितले की, हिला एक अक्षर ओळखता येत नाही, मास्तराच्या घरात हे शोभत नाही, हवे तर परीक्षा घ्या.

मारुतीच्या देवळापुढच्या पारावर परीक्षा झाली. मास्तराने पाटीवर काहीतरी लिहिले आणि पाटी तिच्यापुढे धरली. वाच म्हणाला. ती पदर ओढून गप्प. पुन्हा म्हणाला. पुन्हा गप्प. पंचांनी माना हलवल्या आणि ती माहेरी, म्हणजे वाशीमला भावाकडे आली.

पाटीवर काय लिहिले होते? तिचे म्हणणे, पाटीवर नवऱ्याचेच नाव लिहिले होते. बायकोने नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, आणि तेही सासऱ्यासमोर, पाच वडीलधाऱ्यांसमोर. तिने वाचले असते तर निर्लज्ज म्हणून टाकली असती, नाही वाचले म्हणून अडाणी ठरवून टाकली. पाटी तिच्याकडे तोंड करून होती. पाचांतल्या एकानेही उठून पाहिले नाही. तिघांना तर वाचताच येत नव्हते.

हे तिने आमच्या घरच्या मंडळींना, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितले आणि त्यांनी मला. मी तेव्हा म्हणालो की, मास्तराला विचारल्याशिवाय हे खरे कसे धरायचे? आमच्या मंडळींनी त्या दिवशी मला भाकरी जरा आदळूनच वाढली.

आता पाहिलेले.

ती आमच्या दुकानी कापडाचे उरलेले तुकडे न्यायला यायची. गोधड्या शिवून पोट भरत होती. भाऊ रेल्वेत होता, पण भावाच्या ताटातले खाणारी ती नव्हे. तुकडे निवडताना दोन्ही हातांनी ताणून बघायची, उजेडाकडे धरायची, आणि नको ते मुकाट्याने परत टाकायची. आमचे शेठ मुसलमान, जुन्या वळणाचे, बायकांशी नजर खाली ठेवून बोलणारे. ते म्हणायचे, “बाई, चिंध्या घेते का सोनं घेते?” ती म्हणायची, “सोन्याले टाका नाई घालता येत, शेठ.”

अशी काही वर्षे गेली. मग त्या मास्तराची बदली वाशीमच्या एका शाळेत झाली. दुसऱ्या बायकोसह तो इथे राहायला आला. उंच मान, पोट सुटलेले, नाकात तपकीर, काखेत बारमाही छत्री. पहिल्यांदा तो आमच्या गल्लीतून गेला तेव्हा ती ओट्यावर शिवत बसली होती. त्याने पाहिले, ओळखले आणि सोबतच्या माणसाला ऐकू जाईल असे म्हणाला, “गोधड्या शिवते वाटतं. बरोबर आहे. त्याला अक्षर लागत नाही.”

हे मी स्वतः ऐकले. मी माझ्या ओट्यावर दाढी करत होतो.

तिने वर पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानी आली ती तुकडे मागायला नव्हे. म्हणाली, “दिवाणजी, फाटक्या छत्र्या असतीन काय कोणाच्या? कापड पायजे. काळं.” मी म्हटले, छत्रीचे कापड गोधडीला लावते काय? म्हणाली, “धुतलं तरी रंग नाई जात त्याचा.”

महिनाभराने आमच्या घरी पहिले पुस्तक आले.

मांजरपाटाच्या जाड पांढऱ्या कापडाची पाने, मध्ये शिवलेली. एका पानावर एक अक्षर, छत्रीच्या काळ्या कापडाचे, टाके असे बारीक की बोटाला लागत नाहीत. शब्द एकही नाही. आणि प्रत्येक अक्षरात एक माणूस. अक्षराजवळ नव्हे, अक्षरात. ठ म्हणजे नुसते गोल पोट आणि वर ताठ शेंडी. ळ म्हणजे समोरून दिसणाऱ्या दोन नाकपुड्या, तपकिरीच्या रंगाच्या कापडाने गच्च भरलेल्या. ग मध्ये उभी काठी म्हणजे टोपीवाला साहेब, आणि त्याच्यापुढे कमरेत वाकलेला तो. झ मध्ये बोराटीच्या काट्यांत त्याचे धोतर अडकलेले. त मध्ये एक हात पाठीमागे, आणि त्या हातावर कोणीतरी तुपाचे गाडगे ठेवते आहे. प्रत्येक पानावर काखेत छत्री. छत्रीच्या कापडाची छत्री.

मी पुस्तक दोनदा पाहिले. हसलो हे कबूल करतो, पण माझी नजर मोजणाऱ्याची. मला दोन पाने कोरी दिसली. निव्वळ पांढरी, मध्येच. क पासून क्रम लावत गेलो तर कोणती दोन अक्षरे नाहीत हे लगेच कळले. ती दोन अक्षरे जोडली की मास्तराचे नाव होत होते.

मी तिला विचारले, “बाई, ही दोन काहून सोडली? शिकणाराला ती कोण शिकवणार?”

“ते दोन मास्तर शिकवतीन,” ती म्हणाली. “त्याईचेच हायेत.”

“म्हणजे हे मास्तर आहेत?”

“म्या कोणाचं नाव घेतलं काय?”

आणि दोरा तोडला.

मी घरी येऊन विचार करत बसलो. माझा पेशा बेरजेचा आहे, पण असा पक्का हिशेब मी क्वचित पाहिला होता. मास्तराने तक्रार करायची तर आधी सांगावे लागणार की हा माणूस मीच आहे. मग सांगावे लागणार की कोरी पाने माझ्या नावाची आहेत. आणि जी बाई नेमकी तीच दोन अक्षरे गाळते तिला अक्षर येत नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणणार? तो गप्प बसला तर पुस्तक घरोघर जाणार. बोलला तर स्वतःच्या तोंडाने पारावरचे बोलणे खोटे पाडणार. तिने त्याला दोन्हीकडून शिवून टाकले होते.

पुस्तके निघत गेली. कागदाची पुस्तके पोरे फाडतात; हे चघळले तरी धुऊन वाळत घालता येत होते. बायका घेऊ लागल्या, आधी पोरांसाठी म्हणून, मग दुपारी आपापसांत. आमच्या मंडळींना तोवर अक्षर येत नव्हते, आणि मी शिकवायला घेतले की त्यांना झोप यायची. आता एके दिवशी घासलेटच्या डब्याकडे बघून त्या एकट्याच हसताना दिसल्या. काय झाले म्हटले. म्हणाल्या, “डब्यावर मास्तर काट्यात अडकले.” डब्यावर खरेच झ होता. पावसाळा संपेपर्यंत आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका वाचू लागल्या, आणि त्या प्रत्येक अक्षराला हसत वाचत. त्या कोणी समोरून येणाऱ्या मास्तराकडे तोंड वर करून पाहत नसत. पदर तोंडाला लावीत. पण पदर हलताना दिसे.

तिच्यापाशी दया नव्हती, हे मी सांगितलेच पाहिजे. नव्या पुस्तकात ती नवे काढायची. मास्तराचा एक दात पडला तर पुढच्या पुस्तकात तो दात नसायचा. एकदा तो आजारी पडला. आमच्या मंडळी म्हणाल्या, आता तरी राहू दे. ती म्हणाली, “वयनी, म्या त्या पारावरून उठून गाडीत बसले ना, तवा मागून पोरं हासले. अडाणी चालली म्हणे. ते हासू अजून कानात हाये. त्याईनंबी थोडं ऐकावं.” बोलताना आवाज चढलाच नाही. भाजी महाग झाली म्हणावे तसे म्हणाली.

तिला काय हवे होते, तेही तिने त्या दिवशी आमच्या मंडळींना सांगितले. पोटगी नको, घर नको, तो माणूस तर नकोच. फळ्यावर अक्षर काढताना त्याचा हात थरथरला पाहिजे, आणि त्याच पारावर, त्याच पंचांपुढे, पाटीवर काय लिहिले होते ते निघाले पाहिजे. त्याशिवाय ती थांबणार नव्हती.

पहिले आधी झाले. हे ऐकलेले आहे, पण दोघांकडून ऐकले आणि दोघांचे जुळले. डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. मास्तराला हेडमास्तरकी मिळायची होती, त्या दिवसावर सगळे होते. साहेबांनी लहान वर्गाचा पाठ घ्यायला सांगितले. मास्तराने फळ्यावर ठ काढला. मागच्या ओळीतून कोणीतरी फिसकले. मग दुसरे. मग सगळा वर्ग. मास्तराने छडी आपटली, हात थरथरत होता, आणि खाली वाकून घाईत दुसरे अक्षर काढले तर तो ग निघाला. साहेबांनी विचारले, काय प्रकार आहे? एका पोरीने दप्तरातून कापडाचे पुस्तक काढून पुढे केले. साहेब पाने उलटत गेले आणि मध्येच त्यांना रुमाल तोंडाला लावून खोकावे लागले. कोऱ्या पानावर थांबून ते म्हणाले, इथे काही का नाही? तर वर्गाने एका सुरात मास्तराचे नाव सांगितले.

हेडमास्तरकी दुसऱ्याला गेली.

त्याने तेव्हाही गप्प बसायला हवे होते. पण अपमान झालेला माणूस हिशेब करत नाही. त्याने कामरगावला निरोप धाडून पुन्हा पंच बसवले. या बाईने बदनामी केली, हिला जाब विचारा. तिच्या भावाने मला सोबत चला म्हटले. आमच्या मंडळी न विचारताच गाडीत बसल्या.

पार तोच. पंच बहुतेक तेच, म्हातारे झालेले. बाया देवळाच्या भिंतीला टेकून उभ्या. ती खांबापाशी, डोईवर पदर, हातात काही नाही.

मास्तर शाळेतल्या भाषेत बोलत होता. हिने गावोगाव पुस्तके वाटून माझी अब्रू घेतली, वगैरे. थोरल्या पंचांनी पुस्तक हातात घेतले, उलटे धरले, सुलटे केले.

“यात लिव्हलं काय हाये?”

“लिहिलेलं काही नाही. चित्रं आहेत. पण तो माणूस मी आहे.”

“कायवरून?”

मास्तराला सांगावे लागले. नाकावरून. पोटावरून. बायांत खसखस झाली. त्याने छत्री काखेतून काढून खाली ठेवली, तर आणखी झाली.

“आणि ही दोन पानं,” तो ओरडला, “ही मुद्दाम कोरी ठेवली आहेत. माझ्या नावाची अक्षरं आहेत ती.”

थोरल्या पंचांनी ती दोन पाने बोटाने चाचपली. मग शांतपणे म्हणाले, “म्हंजे इले अक्षर येते.”

मास्तराच्या लक्षात आले, पण उशिरा. रागाने बोलून गेलेला माणूस मागे फिरत नाही. “सगळं येतं हिला. लग्नाच्या आधीपासून येतं. मोठी साळसूद आहे.”

“मंग मास्तर, तवा तुमी पाटी धरली होती, तवा इनं काहून नाई वाचली?”

मास्तर छत्री उचलू लागला. पंचांनी खांबाकडे मान वळवली. “तू सांग बाई. काय होतं पाटीवर?”

“म्या कसं सांगू, बाबा?” ती म्हणाली. “नवऱ्याचं नाव होतं.”

मी मास्तराकडे पाहत होतो. तो नाही म्हणाला असता तर मी आजही हे ऐकलेल्यातच ठेवले असते. तो नाही म्हणाला नाही. त्याने पाराच्या कडेला बसलेल्या बापाकडे पाहिले. म्हातारा बाप उठून देवळात निघून गेला.

पंच आपसांत कुजबुजले. थोरले म्हणाले की, झाले ते वाईट झाले, मास्तराने हिला मानाने घरी न्यावे, दोघी राहतील. ती म्हणाली, “नांदाले नाई जात मी. मले एकच पायजे. हे पुस्तक त्याईनं वाचावं. इथंच. मोठ्यानं.”

“कायले बाई आता?”

“मास्तर हायेत ना ते.”

पंचांनी मास्तरापुढे पुस्तक धरले. तो घेईना. धरणारा हात खाली होईना. शेवटी त्याने घेतले आणि घाईघाईने सुरू केले. क, ख, ग.

“ग मधी काय हाये?” ती खांबापासून म्हणाली.

“माणूस.”

“काय करून राह्यला?”

मास्तराने पंचांकडे पाहिले. पंच पुस्तकाकडे पाहत होते.

“वाकला आहे.”

“कोणापुढं?”

“साहेबापुढं.”

“हां. पुढं वाचा.”

असे तिने प्रत्येक पान वाचून घेतले. काट्यांतले धोतर सांगायला लावले. तुपाचे गाडगे सांगायला लावले, आणि ते कोणाच्या घरचे होते हे बायांतल्या एकीने न विचारता सांगितले. पोट सांगायला लावले. आधी बाया हसत होत्या. पुढे पुढे हसू थांबले. कोणीतरी म्हणाले, पुरे आता. ती म्हणाली, “नाई.” मलाही एक क्षण वाटले की पुरे. पण मी बोललो नाही, आणि आमच्या मंडळींकडे पाहिले तेव्हा बरे झाले बोललो नाही असे वाटले. त्यांच्या तोंडाला पदर नव्हता.

कोरे पान आले. मास्तर थांबला.

ती थांबली. खांबाला टेकलेली पाठ तिने सरळ केली. तिला घाई नव्हती.

“वाचा,” ती म्हणाली. “मले नाई वाचता येत ते.”

त्याने वाचले. आपल्याच नावाचे पहिले अक्षर. मग चार पाने पुढे दुसरे. हळू, एखादे पोर पहिल्यांदा वाचते तसे.

पुस्तक संपल्यावर तिने येऊन ते त्याच्या हातातून काढून घेतले. थोरले पंच म्हणाले, “झालं समाधान?”

“नाई,” ती म्हणाली. “पण तुमच्या देखत व्हाचं ते झालं.”

परतीच्या गाडीत ती आणि आमच्या मंडळी मागे बसल्या होत्या. वाशीम येईपर्यंत दोघी बाजारातल्या भाज्यांविषयी बोलत होत्या.

वर्षभराने तिच्या भावाची बदली पलीकडे मोगलाईत, निजामाच्या मुलखात, झाली आणि तीही गेली. तिच्या ओट्यावर आता एक कासार राहतो. पुस्तके गल्लीत आहेत. आमचे पुष्कळदा धुऊन पिवळे पडले, पण अक्षरे काळीच आहेत. मास्तराने पुढे शाळा सोडली आणि तो कामरगावला जाऊन राहिला. डोळे गेले म्हणतात, जवळचे दिसत नाही.

आमच्या दुकानाचा माल मोगलाईत नेणारा गाडीवान एकदा तिच्या दारी पाणी प्यायला थांबला. आल्यावर त्याने आमच्या मंडळींना सगळे सांगितले. तिने गल्लीतल्या एकेकीची विचारपूस केली. शेवटी मास्तराचे विचारले. याने सांगितले की त्याला आता दिसत नाही, दुसरी बायको ओसरीवर बसून त्याला रोज पेपर वाचून दाखवते.

“बरं झालं माय,” ती म्हणाली, “शिकलेली केली त्याईनं.”

आणि इतकी हसली, गाडीवान सांगत होता, की तिला सुई बाजूला ठेवावी लागली. गाडीवानाला वाटले बाईला काही झाले. तो पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरून उभा राहिला, आणि ती पदराने डोळे पुसत, हाताने नको नको करत, हसतच होती.